पिन कुठल्या बाजूला

३ फेब्रुवारी

आत्यास,

पत्र पाहून दचकू नका. कुणी गेलेलं नाही. एका वेल्डिंगच्या कामात तुमचं मत हवं आहे, एवढंच.

तुमच्या फॅब्रिकेशनच्या दुकानाचा पत्ता आमच्या कारखान्याच्या ड्रायव्हरकडून मिळाला. तो तिकडे माल घेऊन येतो. त्यानं पाटीवरून फोन नंबरही उतरवून आणला होता. पण फोन केला की बोलावं लागतं, आणि मला बोलायचं नाही, आराखडा दाखवायचा आहे. तो सोबत जोडला आहे.

मोटरसायकल उचलणारी लिफ्ट करायची आहे. घरी, बाबांच्या वर्कशॉपमध्ये. जमिनीवर एक चौकट, वर गाडी उभी करायचा प्लॅटफॉर्म, आणि दोघांना जोडणारे चार तिरपे हात. हायड्रॉलिक जॅक हातांना रेटतो आणि प्लॅटफॉर्म वर जातो. सर्वांत खाली १८० मिलिमीटर, सर्वांत वर ७५०. भार १८० किलो धरला आहे, चाचणी ३०० ला करीन. वर गेल्यावर जॅकनं दगा दिला तरी प्लॅटफॉर्म खाली येऊ नये म्हणून हातांखाली एक लोखंडी टेका आहे. तो चौकटीतल्या खाचेत बसतो आणि त्यातून आडवी पिन जाते. टेका बाबांच्या जुन्या लोखंडातल्या गजाचा करणार आहे, म्हणून तेवढं एक माप इंचात आहे. बाकी सगळं मिलिमीटरमध्ये.

प्रश्न असा : हातांच्या टोकांना बिजागरीच्या नळ्या वेल्ड करायच्या आहेत. इथला वेल्डर म्हणतो, चालून जाईल. ‘चालून जाईल’ हे उत्तर मला नको आहे.

लिफ्ट कशासाठी, हे सांगायला हवं. बाबा मागच्या वर्षी वर्कशॉपच्या पत्र्यावर चढले होते, तिथून पाठीवर पडले. कमरेखाली आता काही नाही. चाकाच्या खुर्चीत असतात. हात शाबूत आहेत. तुम्हाला माहीत आहे, ते आयुष्यभर उकिडवे बसून काम करत आले. आता गाडी खाली आणि ते वर, अशी अडचण आहे. गाडी वर आणायची, इतकाच हा प्रश्न आहे.

मध्यंतरी ते वर्कशॉपमध्ये घसरले. त्यामुळे काम लवकर व्हायला हवं.

मी कारखान्यात तपासणी विभागात आहे. इतरांनी केलेल्या वस्तू नापास करणं हे माझं काम. स्वतः काही करायची वेळ पहिल्यांदाच आली आहे.

तुम्हाला लिहिलं हे बाबांना ठाऊक नाही. तुमच्यात काय झालं ते मला अर्धवटच माहीत आहे आणि त्याबद्दल मी विचारत नाही.

तुमची भाची


१७ फेब्रुवारी

आत्यास,

आराखडा लाल पेन्सिलच्या खुणांसह परत मिळाला. आभारी आहे.

हात जाड घ्यायला सांगितलेत, ते मान्य. जॅक उभा बसवायला सांगितलात, ते मान्य नाही. जॅक उभा ठेवला तर पहिल्या शंभर मिलिमीटरमध्ये त्याच्यावर तिप्पट जोर येतो. हिशोब मागच्या पानावर आहे. टेक्याचं माप माझ्या हिशोबात अकरा इंच येत होतं, तुम्ही खोडून बारा केलंत. वजनाखाली पोलाद किती दबतं याचा तुमचा अनुभव माझ्याहून जास्त, म्हणून बारा ठेवते.

खाली तुम्ही लिहिलंत : “घाई कसली?”

रजा. आईनं आणि मी आळीपाळीनं रजा घेतल्या आहेत. ती शिवणाच्या कारखान्यात असते, तुम्हाला आठवत असेल. मार्चअखेर दोघींच्या संपतात. त्यानंतर बाबा दिवसभर घरी एकटे असतील. तोवर त्यांना काम हवं.

ते बोलत नाहीत म्हटलं तर खरं नाही. परवा त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. फोन त्यांच्याच हाताशी होता.

“मेकॅनिक ना? तो गेला हो,” बाबा म्हणाले. “हो, हो, अचानकच. माणूस चांगला होता. क्लच मात्र घट्ट बसवायचा.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“मी? मी त्याचा कुणी लागत नाही. घर सांभाळायला बसवलंय मला.”

आईनं त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. “थट्टा करायला दुसरं काही सुचत नाही का?”

“थट्टा कुठं करतोय,” ते म्हणाले आणि खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीवर काही नाही. एक खिळा आहे, तोही रिकामा.

जेवण अर्धं परत येतं. गोळ्या घेतात की नाही हे आई त्यांची जीभ वर करायला लावून बघते. लहान मुलासारखं तोंड उघडतात. चेष्टा करत नाहीत, रागवत नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

वर्कशॉपला आईनं कुलूप घातलं आहे. किल्ली तिच्याकडे असते. मी कामापुरती मागून घेते आणि परत देते.

तुमची भाची


५ मार्च

आत्यास,

चारही हात पोचले. मी फक्त वेल्डिंगची पद्धत विचारली होती, तुम्ही माझ्या मापावरून हातच करून पाठवलेत. मोजून पाहिले. चारही लांबीला सारखे आहेत. मला नापास करायला काहीही सापडलं नाही, आणि असं माझ्या बाबतीत फारसं होत नाही.

चौकटीचं वेल्डिंग मीच शिकून केलं. त्यानिमित्तानं बाबा कुलूप लागल्यापासून पहिल्यांदा वर्कशॉपच्या दारापर्यंत आले. आईनं खुर्ची ढकलत आणली आणि ब्रेक लावून तिथंच उभी राहिली. त्यांनी मान वाकडी करून माझं काम पाहिलं.

“हे वेल्ड आहे की शेंबूड?”

“वेल्ड आहे.”

“पूस मग ते.”

आई हसली आणि हसता हसता आत निघून गेली. मी ते घासून काढलं आणि पुन्हा केलं. दुसऱ्यांदा म्हणाले, “सर्दी कमी झाली.”

तुमचे हात मी गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवले होते. दुसऱ्या दिवशी बाबांनी एक मागून घेतला. मांडीवर आडवा धरला. अंगठा नळीच्या कडेवरून सावकाश फिरवला, पूर्ण गोल.

“ठिणगीनं केलेत,” ते म्हणाले.

तुम्हाला ते ठिणगी म्हणायचे, हे मी विसरले होते. मी हो म्हटलं. मला वाटलं हात फेकून देतील. त्यांनी तो परत दिला नाही. संध्याकाळी खुर्चीतून पलंगावर घेताना आम्ही काढून घेतला, तोवर मांडीवरच होता. मांडीला लोखंडाचा वळ उठला होता. त्यांना कळलं नव्हतं.

पार्सलमधल्या चिठ्ठीत तुम्ही पुन्हा तेच लिहिलंत : “घाई कसली, ते खरं लिही.”

लिहिते.

बाबा वर्कशॉपमध्ये घसरले नव्हते. जानेवारीत एके दिवशी दुपारी आम्ही दोघी बाहेर होतो. ते खुर्चीतून खाली उतरले आणि कोपरांवर सरकत वर्कशॉपमध्ये गेले. तिथं एक गाडी जॅकवर उचललेली होती, अपघाताच्या आधीपासूनची, अर्धं काम झालेली. ते तिच्या इंजिनाखाली आडवे झाले. मी आले तेव्हा इंजिन त्यांच्या छातीपासून वीतभर वर होतं. जॅकची झडप उघडी होती. जॅकची झडप आपोआप उघडत नाही.

वीतभर अंतर राहिलं, कारण इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा होता. जॅकवर उचललेल्या गाडीखाली ठोकळा सारायचाच, असं त्यांनी मला अकराव्या वर्षी शिकवलं होतं. पत्र्यावरून पडायच्या आधी तो त्यांनीच सारला होता आणि विसरले होते.

मी त्यांना बाहेर ओढलं. ते म्हणाले, “तेल बघायला गेलो होतो.” मी म्हटलं, “बरं.” त्याबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. आईला मी सांगितलं नाही. तिनं कोपरं पाहिली आणि कुलूप आणलं.

तर घाई ही अशी आहे.

टेका उद्या कापते.

तुमची भाची


१९ मार्च

आत्यास,

आधी हे सांगते की कुणाला लागलं नाही.

काल चाचणी घेतली. गाडीऐवजी प्लॅटफॉर्मवर वाळूची पोती ठेवली, तीनशे किलोची. जॅक मारला, प्लॅटफॉर्म वर गेला, टेका ‘खट्’ करून बसला. पिन अजून करायची होती, टेका एकटाच किती भार घेतो ते बघायचं होतं. बाबा दारात होते. मी झडप उघडली. सगळं वजन टेक्यावर आलं आणि राहिलं. मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे ठीक.

मग टेका सटकला. प्लॅटफॉर्म एकदम खाली आला. एक पोतं फुटलं. माझा पाय चौकटीत नव्हता. थोडा आधी होता.

बाबांनी खुर्ची स्वतः ढकलत आत आणली, वाळूवरून, चाकं रुतत होती तरी. वाकून टेका बघितला. तो खाचेत गेलाच नव्हता. खाचेच्या ओठावर टेकून राहिला होता. एक इंच लांब होता.

“किती कापलास?”

“बारा.”

“पट्टीचे की खरे?”

मला प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि मी भिंतीवरच्या पट्टीकडे पाहिलं.

आजोबांची पोलादी पट्टी वर्कशॉपमध्ये अजून टांगलेली आहे. तिचा पहिला इंच मोडलेला आहे. तुम्ही दोघं तिच्यावरच शिकलात. ती एकापासून सुरू होते, म्हणून तुमच्या घरात मापं दोन : पट्टीचं आणि खरं. पट्टीचे बारा म्हणजे खरे अकरा. लोक बाबांना पट्टीचा मेकॅनिक म्हणायचे तेव्हा घरात सगळे का हसायचे, हे मला लहानपणी समजावून सांगितलं होतं. मी ती पट्टी कधीच वापरली नाही. माझा टेप वेगळा आहे.

माझे अकरा बरोबर होते. तुमचे बारा बरोबर होते. तुम्ही धरलंत की या घरात लोखंड आजोबांच्या पट्टीनंच कापलं जाणार. आपण दोघी एकच लांबी सांगत होतो आणि मी स्वतःचा हिशोब खोडला.

पुढचं तुम्हाला लिहू नकोस असं बाबांनी सांगितलं आहे.

वाळूत चाकं रुतलेली, त्यांना हलता येत नव्हतं. कदाचित म्हणूनच बोलले. तुमच्यात बिनसलं त्या वेळी गिऱ्हाइकाच्या गाडीचा मधला स्टँड तुम्ही दोघांनी मिळून केला होता. त्यांनी तुम्हाला माप ओरडून सांगितलं, “नऊ!” पट्टीचे की खरे, ते सांगितलं नाही. तुम्ही गोंगाटात खरे धरलेत. स्टँड इंचानं उंच झाला, गाडी कलंडली, त्या माणसाच्या पायाची बोटं गेली.

“वेल्ड तुटलं असं मी सगळ्यांना सांगितलं,” बाबा म्हणाले. “वेल्ड तुटलंच होतं. पण आधी गाडी पडली. मग तुटलं.”

“तुम्हाला तेव्हा माहीत होतं?”

“तेव्हाच मोजलं होतं मी.”

मी फावड्यानं वाळू बाजूला केली आणि त्यांची खुर्ची बाहेर काढली. तुमचं वेल्ड या पडण्यातही तुटलेलं नाही. चारही हात तपासले.

टेका आज पुन्हा कापला. खरे अकरा. तीनशे किलोवर संध्याकाळपर्यंत ठेवला, जागचा हलला नाही. पिन राहिली आहे.

तुमची भाची


२७ मार्च

आत्या,

बाबांच्या त्या गोष्टीवर तुम्ही काही लिहिलं नाहीत. फक्त “पिन झाली का?” एवढंच. ठीक आहे. पिन झाली नाही, आणि आता मला आराखडा सुचत नाही.

पिन आत असेपर्यंत प्लॅटफॉर्म खाली येऊ शकत नाही. काढली आणि झडप उघडली की येतो. प्लॅटफॉर्मच्या कडेला मी अर्धगोल कापला आहे, म्हणजे बाबांची खुर्ची आत सरकते आणि गुडघे खाली जातात. छाती गाडीला भिडते. हात हवा तिथं पोचतो. थोडक्यात, ज्याच्यापासून त्यांना दूर ठेवायला हवं, त्याच्याखाली मी त्यांना मोजून मापून बसवलं आहे.

म्हणून पिन मी पलीकडच्या बाजूला ठेवली. त्यांचा हात पोचणार नाही अशी. गाडी चढवायची-उतरवायची ती मी किंवा आईनं, सकाळी आणि संध्याकाळी. मधे त्यांनी काम करायचं.

त्यांनी लिफ्टला एक फेरी मारली आणि खुर्ची थांबवली.

“पिन पलीकडे का?”

“अलीकडे जॅकचा दांडा आडवा येतो. चाळीस मिलिमीटरच जागा उरते आणि पिनेच्या डोक्यालाच तीस...”

“खोटं बोलायचं असलं की तू मापं सांगतेस.”

मी टेप मिटून खिशात ठेवला.

“मी बसणार, वजन माझ्यावर, आणि पिन दुसऱ्याच्या हातात. तुझ्या कारखान्यात असं यंत्र आलं असतं तर काय केलं असतंस, इंजिनीअरीणबाई?”

“नापास.”

“मग?”

खुर्ची वळवून ते घरात गेले. तेव्हापासून पुन्हा भिंत. आधी अर्धं तरी जेवत होते. आता ताट जसंच्या तसं परत येतं. आई पाणी पाजते, ते ओठ मिटून घेतात. डॉक्टर म्हणतात, दवाखान्यात आणा, नळी घालू. बाबांनी ते ऐकलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तसं पुन्हा कुणी माझ्याकडे पाहू नये.

आईला मी जानेवारीतलं सगळं सांगितलं. सांगावंच लागलं. तिला माहीत होतं.

“पिन पलीकडेच राहू दे,” ती म्हणाली. “माझ्यावर रागावून बसलेला नवरा मला चालेल.”

“पण ते जेवत नाहीत, आई.”

“जेवतील.”

“नाही जेवले तर?”

“तू शिकलेली आहेस ना? मग तू सांग,” ती म्हणाली, आणि शिवणाचं मशीन विनाकारण चालवत बसली. सुईखाली कापड नव्हतं.

मी सगळ्या शक्यता कागदावर मांडून पाहिल्या. पिन पलीकडे ठेवली तर ते या भिंतीसमोर संपतील, हळूहळू, आमच्या देखत. अलीकडे ठेवली तर एखाद्या दुपारी एकदम, आमच्या मागे. दोन पिना केल्या, एक इकडे एक तिकडे, तर तोच अविश्वास दोनदा. कुलूप घातलं तर पुन्हा तेच. लिफ्ट मोडून टाकली तरी घरात जॅक आहे, पत्रा आहे, गोळ्या आहेत.

मी त्यांना जगवायला एक यंत्र केलं आणि ते चालण्यासाठी त्यांच्या हातात तेच द्यावं लागतं आहे, जे मी देऊ शकत नाही. रजा चार दिवसांनी संपते. आत्या, मला कळत नाही. मी अशी वाक्यं लिहीत नाही हे तुला माहीत नाही, तू मला ओळखतच नाहीस, पण मी लिहीत नाही. पिन कुठल्या बाजूला घेऊ, तेवढं सांग. कारण सांगू नकोस. नुसती बाजू सांग. लाल पेन्सिलनं फुली मारून पाठव आणि मी तिथं भोक पाडते.


४ एप्रिल

आत्या,

तुझं उत्तर आलं. आराखड्यावर फुली नव्हती. “मला माहीत नाही गं. कळलं असतं तर सांगितलं असतं. हातातलं काम उरकून निघते.”

ते पत्र मी कामाच्या बॅगेत ठेवलं. ‘चालून जाईल’ असं तू लिहिलं नाहीस.

भोक अलीकडे पाडलं. बाबांच्या उजव्या हाताशी. आईनं मला ते करताना पाहिलं. वर्कशॉपची किल्ली तिनं जॅकशेजारी ठेवली आणि स्वतःच्या कामाला निघून गेली. रात्री माझ्याशी बोलली नाही, सकाळीही नाही. माझा डबा मात्र भरून ठेवला होता.

मी बाबांना सांगितलं, “पिन अलीकडे घेतली.” ते भिंतीकडे तोंड करून होते. तसेच म्हणाले, “दाखव.” मी नेलं. त्यांनी पिन हातात घेतली, वजन केल्यासारखी, आणि भोकाच्या तोंडाशी लावून पाहिली. मग चहा मागितला. त्यात बिस्कीट बुडवून खाल्लं. एकच. मी दुसरं पुढं केलं नाही, पुढं केलं असतं तर त्यांनी घेतलं नसतं.

आज सकाळी आम्ही ती जानेवारीतलीच गाडी वर चढवली. त्यांना तीच हवी होती. मी म्हटलं, दुसरी आणू. म्हणाले, “हिचं काम अर्धवट आहे.” त्यांनी स्वतः जॅक मारला, टेका बसवला, पिन ठोकली. मी खुर्ची अर्धगोलात सरकवली. त्यांचे गुडघे प्लॅटफॉर्मखाली गेले. मी ब्रेक लावायला हात पुढे केला, त्यांनी तो बाजूला केला आणि स्वतः लावला.

“जा आता. बस चुकेल.”

मी निघाले. दार ओढून घेऊ की उघडं ठेवू हे मला ठरवता येईना. अर्धं ओढलं.

तेव्हापासून मी इथं तपासणीच्या टेबलाशी आहे आणि समोरच्या ट्रेमधला एकही भाग तपासलेला नाही. शेजारची विचारते, “बरं नाही का गं?” मी म्हणते, झोप झाली नाही. फोन टेबलावर पालथा ठेवला आहे. वाजला तर आणि वाजला नाही तर, यात कुठलं वाईट, ते मला सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती आईला सांगितलेली नाही. पिन सोळा मिलिमीटरची आहे. तिच्यासाठी भोक किती मोकळं हवं ते मला माहीत आहे. रोज दहा वेळा हेच तपासते. मी तेवढं मोकळं ठेवलं नाही. पिन हातानं निघत नाही. आधी हातोडीनं ठोकावी लागते, मग दोन्ही हातांनी पिळत ओढावी लागते. खुर्चीत बसून तर आणखी वेळ लागेल. तेवढ्या वेळात माणसाचा विचार बदलू शकतो, असं मी गृहीत धरलं. याला कुठल्याही पुस्तकात आधार नाही.

फोन वाजतो आहे. घरचा नंबर.

*

बाबा होते. हे लगेच लिहिते आहे, कारण नंतर मला ते असंच आठवेल याची खात्री नाही.

“कुठं आहेस?”

“कामावर.”

“क्लच झाला. घट्ट नाही बसवला.” मागे काहीतरी लोखंडी पडल्याचा आवाज आला आणि त्यांनी त्या वस्तूला शिवी दिली. “गाडी खाली घेतली. पिन काढताना जीव गेला माझा.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हलो? आहेस का?”

“आहे.”

“घट्ट केलीयस ती.”

“हो.”

“मुद्दाम.”

“हो, बाबा.”

ते थोडा वेळ श्वास घेत राहिले. दमल्याचा श्वास होता, काम केल्यावरचा. तो मी कधीपासून ऐकला नव्हता.

“पिना अशा नसतात,” ते म्हणाले. “तुमच्या स्टोअरमध्ये सोळाचा रीमर असेल. घेऊन ये. भोक मोठं करून घेऊ.”

“आज उशीर होईल मला.” का असं बोलले ते कळत नाही. उशीर होणार नव्हता.

“होऊ दे,” ते म्हणाले. “मी वाट बघतो.”

आणि फोन ठेवला.

रीमर स्टोअरमधून घेतला आहे. कागदी पुडीत माझ्यासमोर आहे, माझ्या करंगळीपेक्षा थोडा जाड. याची धार एकदा आतून फिरली की पिन दोन बोटांनी निघेल. मग मधे काहीही राहणार नाही. उद्या मी कामावर येईन, आई तिच्या कामावर जाईल, परवाही तसंच. मला भीती वाटते, आत्या. मला इतकी भीती वाटते की अक्षर असं आलं आहे. ते वाट बघतो म्हणाले. म्हणजे निदान मी पोचेपर्यंत.

तू निघाली असशील तर हे पत्र तुझ्या बंद शटरखालून आत पडून राहील. तरी टाकते.

निघते आता. भोक मोठं करायचं आहे.